गाठीतली नस टी पेशीला काय सांगते: एका प्रकरणाचा अभ्यास

२०२० साली ब्राझीलमधल्या मिनास जेराइस फेडरल विद्यापीठातल्या गटाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. जनुकीय युक्तीने ज्यांच्या वेदनाग्राही चेतापेशी काढून टाकल्या आहेत अशा उंदरांच्या वाणाला त्यांनी बी१६-एफ१० या मेलानोमाच्या (त्वचेतल्या रंगपेशींच्या कर्करोगाच्या) पेशी टोचल्या. वेदनेच्या नसा नसलेल्या त्या उंदरांत गाठ मंदावली नाही. ती साध्या उंदरांतल्यापेक्षा जोमाने वाढली, तिच्यात रक्तवाहिन्याही जास्त सापडल्या. त्यांचा निष्कर्ष सरळ होता: वेदनेच्या नसा मेलानोमाला आवर घालतात, त्या गेल्या की गाठीचं फावतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये दुसरा शोधनिबंध आला. सेबास्तियन टॅलबो यांच्या गटाचा, मॉन्ट्रियलमध्ये झालेल्या कामाचा, पहिले लेखक मोहम्मद बालूद. गाठ तीच, बी१६-एफ१०. युक्तीही त्याच जातीची: वेदनाग्राही चेतापेशी जन्मापासूनच नसलेले उंदीर. निकाल बरोबर उलटा. नसा काढल्या तर गाठ लहान राहिली आणि उंदीर जास्त जगले. शिवाय या गटाने एका रेणूकडे बोट दाखवलं. तो रेणू म्हणजे नसांच्या टोकांतून झिरपणारा सीजीआरपी हा न्यूरोपेप्टाइड (नसा निरोपासाठी वापरतात तो प्रथिनाचा छोटा तुकडा), आणि त्याचा बळी म्हणजे गाठीला मारायला आलेली सीडी८ टी पेशी.

दोन गट, एकच गाठ, दोन उलट निकाल. असं झालं की एक कोणीतरी चुकलं असं म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. मला मात्र हे प्रकरण त्याच कारणासाठी निवडावंसं वाटलं. नस काढून टाकली तर काय होतं, हा एक प्रश्न. नसेने सोडलेला एक रेणू एका पेशीला काय सांगतो, हा दुसरा. दिसायला ते एकच वाटतात आणि इथेच सगळा घोळ होतो.

गाठीबद्दल थोडं

बी१६ ही सी५७ ब्लॅक ६ या काळ्या उंदरांत १९५४ साली आपोआप उद्भवलेली गाठ. पुढे आयझाया फिडलर यांनी तिच्या पेशी उंदरांच्या रक्तात सोडायच्या, फुप्फुसात रुजलेल्या तेवढ्या उचलायच्या, पुन्हा सोडायच्या, असं दहा वेळा केलं आणि त्यातून एफ१० ही आक्रमक उपजात हाती आली. जगभरच्या कर्करोग प्रयोगशाळांत ती आहे. प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने ही गाठ कोडगी. टी पेशींना ओळखू येईल असं ती फारसं काही अंगावर मिरवत नाही आणि टी पेशीवरचा पीडी-१ हा लगाम रोखणाऱ्या प्रतिपिंडांनाही दाद देत नाही. त्यामुळे हिच्यावर एखादा उपाय चालला तर लोक कान टवकारतात.

मेलानोमा हा रोगही यासाठी सोयीचा. चेकपॉइंट, म्हणजे टी पेशींवरचे असे लगाम, रोखणाऱ्या औषधांनी पहिलं मैदान मारलं ते याच रोगात: २०११ साली इपिलिमुमॅब, २०१४ साली पीडी-१ विरुद्धची दोन औषधं. पण त्याच मेलानोमात असे रुग्ण बरेच आहेत ज्यांच्यावर ही औषधं चालत नाहीत, किंवा चालतात आणि मग थांबतात. टी पेशी गाठीत पोहोचलेल्या असतात, तरी काम करत नाहीत. का, याची उत्तरं आजवर गाठीच्या पेशींत, रक्तवाहिन्यांत, इतर प्रतिकारपेशींत शोधली गेली. त्वचेत ठासून भरलेल्या नसांकडे लक्ष उशिरा गेलं.

नसेला दोन टोकं असतात

वेदनाग्राही चेतापेशी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर एकाच दिशेने धावणारा निरोप येतो: बोटाला चटका बसला, निरोप पाठीच्या कण्यात, तिथून मेंदूत. पण तीच पेशी त्वचेतल्या टोकातूनही काहीतरी बाहेर टाकत असते. हातावर नखाने जरा जोरात ओरखडा काढून पाहा. आधी रेघ लाल होते, मग रेघेच्या दोन्ही बाजूंना लाली पसरते. ती पसरणारी लाली नसेच्या फांद्यांतून उलट्या दिशेने गेलेल्या संकेताची असते. फांद्यांच्या टोकांतून सीजीआरपी आणि सब्स्टन्स पी बाहेर पडतात आणि भोवतीच्या रक्तवाहिन्या सैल होतात. मेंदूला यात विचारावं लागत नाही.

ही गोष्ट या प्रकरणात महत्त्वाची आहे, कारण त्वचेतला मेलानोमा सहसा दुखत नाही. ‘वेदनेच्या नसा गाठीला मदत करतात’ असं ऐकलं की दुखण्याशी संबंध जोडला जातो. तो जोडायची गरज नाही. नस मेंदूपर्यंत ओरडत नसतानाही जागच्या जागी कुजबुजू शकते.

सीजीआरपी हा ३७ अमिनो आम्लांचा पेप्टाइड. त्याच्या शोधाची कथा या विषयाला इतकी चपखल बसते की सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सुसान अमारा, मायकेल रोझेनफेल्ड, रोनाल्ड इव्हान्स आणि सहकारी उंदरांच्या थायरॉइडमधल्या मेड्युलरी कर्करोगाच्या पेशींवर काम करत होते. या पेशी कॅल्सिटोनिन नावाचं संप्रेरक भरपूर तयार करतात. काही पेशींनी अचानक कॅल्सिटोनिन कमी केलं, पण जनुक वाचणं काही थांबवलं नव्हतं. त्याच जनुकाचे तुकडे वेगळ्या रीतीने जोडून त्या दुसराच आरएनए बनवत होत्या. त्यातून जो पेप्टाइड निघतो त्याचं नाव पडलं कॅल्सिटोनिन जनुकाशी संबंधित पेप्टाइड, म्हणजे सीजीआरपी. तो नेहमी बनतो चेतापेशींत, पण माणसाला त्याचा पत्ता लागला तो एका गाठीतून.

त्याचा रिसेप्टर, म्हणजे तो निरोप पकडणारं पेशीवरचं प्रथिन, हाही जरा विचित्र आहे. सीएएलसीआरएल नावाचं प्रथिन एकटं असेल तर सीजीआरपी ओळखत नाही. त्याला जोडीदार लागतो. रॅम्प१ हे दुसरं प्रथिन जोडीला आलं तर ते सीजीआरपीचं ऐकतं. त्याऐवजी रॅम्प२ आला तर तेच प्रथिन अॅड्रेनोमेड्युलिन या वेगळ्या पेप्टाइडचं ऐकू लागतं. हे १९९८ साली कळलं. म्हणजे एखाद्या पेशीला सीजीआरपी ‘ऐकू येतं’ का, हे मुख्यतः तिच्याकडे रॅम्प१ आहे का यावर ठरतं. टॅलबो गटाच्या सगळ्या मांडणीचा कणा हाच आहे.

थकलेली टी पेशी

सीडी८ टी पेशीचं काम मारण्याचं. संशयित पेशीला चिकटायचं, छिद्र पाडणारी प्रथिनं आत सोडायची, सोबत इंटरफेरॉन-गॅमासारखे इशारे पसरवायचे. पण शत्रू हटत नसेल, दिवसेंदिवस तोच प्रतिजन समोर येत असेल, तर ही पेशी हळूहळू हत्यार खाली ठेवते. हे प्रथम उंदरांतल्या दीर्घकाळ टिकणाऱ्या विषाणुसंसर्गात नीट दिसलं, मग गाठींत. याला थकवा म्हणतात आणि शब्द बरा आहे, पण थोडा फसवा. विश्रांती मिळाली की थकवा जातो अशी आपली समजूत असते. टी पेशीचा हा थकवा बऱ्याच अंशी तिच्या गुणसूत्रांच्या गुंडाळणीत कोरला जातो, आणि फार पुढे गेलेली पेशी औषधानेही पूर्ववत होत नाही.

थकलेली पेशी ओळखायची कशी? तिच्या अंगावर पीडी-१, लॅग-३ आणि टिम-३ हे तिन्ही रिसेप्टर एकत्र दिसतात आणि इशारे सोडण्याची ताकद घटलेली असते. एकटा पीडी-१ पाहून ‘थकली’ म्हणू नये, कारण नुकती चेतवलेली ताजी पेशीही तो काही काळ दाखवते. हा विषय वाचताना ही एक खूण मनात ठेवली की अर्धे अतिरंजित दावे आपोआप गळून पडतात.

मॉन्ट्रियलचा पुरावा

काम काचेच्या बशीत सुरू झालं. मेलानोमाच्या पेशी आणि वेदनाग्राही चेतापेशी शेजारी वाढवल्या तर चेतापेशींना जास्त फांद्या फुटल्या, त्या चटकन भडकू लागल्या आणि जास्त न्यूरोपेप्टाइड सोडू लागल्या. गाठीच्या पेशींकडून जाणारा एक संदेश सापडला: एसएलपीआय हे प्रथिन. एरवी प्रथिनं तोडणाऱ्या विकरांना अडवणं हे त्याचं काम, पण इथे ते नसेला डिवचत होतं. म्हणजे नस आणि गाठ यांच्यातली ये-जा दोन्ही बाजूंनी होती.

पुढची पायरी, सीडी८ पेशी आणि चेतापेशी एकत्र. चेतापेशींना मिरचीतल्या कॅप्सायसिनने चेतवलं. कॅप्सायसिन या पेशींवरचा टीआरपीव्ही१ हा आयन-मार्ग उघडतं. या मार्गाच्या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल मिळालं, आणि वेदनाग्राही पेशी ओळखायची ती एक मुख्य खूण आहे. चेतवलेल्या नसांच्या सहवासात टी पेशींवर तिन्ही खुणा उमटल्या. सीजीआरपीचा रिसेप्टर अडवला तर त्या कमी झाल्या. अशा पेशींना गाठीच्या पेशी मारायला लावलं तर त्यांचा हात आखडलेला होता.

मग उंदीर. इथे तीन वेगवेगळ्या दिशांनी एकाच गोष्टीला हात घातला गेला. पहिली, टीआरपीव्ही१ वंशाच्या चेतापेशी जनुकीय रीतीने नष्ट केलेले उंदीर. दुसरी, नसा जिवंत ठेवून गाठीजवळ त्यांना गप्प करणं. त्यासाठी क्यूएक्स-३१४ वापरलं, आणि हे औषध मला फार आवडतं. ते लिडोकेनचं विद्युतभारित भावंड आहे. भारामुळे ते पेशीच्या पडद्यातून आपण होऊन आत जाऊ शकत नाही. टीआरपीव्ही१सारखं मोठं दार उघडं असेल तरच आत जातं आणि आतून सोडियमचे मार्ग बंद करतं. म्हणजे ज्या नसा त्या क्षणी चेतवलेल्या आहेत त्याच गप्प होतात. ते गाठीजवळ काम करतं याचाच अर्थ तिथल्या नसा जाग्या आहेत. तिसरी दिशा, नसांना हात न लावता सीजीआरपीचा रिसेप्टर अडवणं. त्यासाठी बीआयबीएन४०९६ हा रेणू, ज्याचं औषधी नाव ओल्सेगेपँट.

तिन्हींत गाठीतल्या टी पेशी कमी थकल्या आणि गाठीची वाढ मंदावली. उंदरांचं जगण्याचं प्रमाण जवळजवळ तिप्पट झालं. बातम्यांनी हाच आकडा उचलला. मला तो या प्रकरणातला सर्वांत कमी बोलका आकडा वाटतो. गाठ लहान राहण्याला शंभर कारणं असू शकतात.

उलट तपासणीही केली होती, आणि ती जास्त महत्त्वाची. नसा नसलेल्या उंदरांच्या गाठीत बाहेरून सीजीआरपी टोचला तर टी पेशींचा थकवा परत आला. नस नाही, तिचा निरोप मात्र आहे, आणि निरोप एकटा पुरेसा ठरतो. प्रकाशाने चेतवता येतील अशा नसांवर त्वचेबाहेरून निळा प्रकाश टाकला तर गाठ आणखी वाढली.

ज्या प्रयोगावर सगळं उभं आहे

इथपर्यंतच्या सगळ्या पुराव्यावर एक चिवट आक्षेप घेता येतो. सीजीआरपी रक्तवाहिन्या रुंदावतो. तो डेंड्रिटिक पेशी, मॅक्रोफेज, जन्मजात लसिका पेशी या इतर प्रतिकारपेशींशीही बोलतो. तेव्हा टी पेशी थकली ती सीजीआरपीने तिला थेट काही सांगितलं म्हणून, की गाठीचं सगळं हवामानच बदललं आणि टी पेशीला त्याचा फटका बसला? रिसेप्टर अडवणाऱ्या औषधाने हा प्रश्न सुटत नाही, कारण औषध सगळ्यांचेच रिसेप्टर अडवतं. नस काढल्याने तर मुळीच सुटत नाही.

याला उत्तर मिळालं ते मिश्र रोपणातून. रॅग१ जनुक नसलेल्या उंदरांत स्वतःच्या परिपक्व टी आणि बी पेशी तयार होत नाहीत. प्रतिकारशक्तीची ती बाजू रिकामी असते. अशा गाठवाल्या उंदरात दोन प्रकारच्या सीडी८ पेशी एकत्र सोडल्या. काही साध्या, काही रॅम्प१ नसलेल्या. आता दोघी एकाच गाठीत, एकाच रक्तपुरवठ्यावर, त्याच नसांच्या शेजारी. मॅक्रोफेज तेच, प्राणवायू तेवढाच, गाठीचा आकार अर्थातच एकच. फरक फक्त एवढा की एकीला सीजीआरपी ऐकू येतं आणि दुसरीला नाही. न ऐकणाऱ्या पेशी थकव्यापासून बऱ्याच वाचल्या.

मोठमोठ्या आलेखांपेक्षा हा प्रयोग मोलाचा का, हे सांगायला एक उपमा पुरे. वर्गातल्या गोंगाटामुळे मुलाला अभ्यास जमत नाही की घरच्या परिस्थितीमुळे, हे ठरवायला दोन वेगळ्या घरांतली मुलं घेऊन उपयोग नाही. जुळी भावंडं हवीत, एका वर्गात, एकाच बाकावर, आणि त्यातल्या एकाच्या कानात बोळा.

यातून सिद्ध होतं ते इतकंच की सीजीआरपीचा परिणाम निदान काही प्रमाणात थेट टी पेशीवर होतो. बाकी मार्गही चालू असतील, पण थेट वाट आहे.

पेशीच्या आत काय होतं

सीजीआरपीचा रिसेप्टर जीएस जातीच्या प्रथिनाशी जोडलेला असतो. निरोप आला की पेशीत सायक्लिक एएमपी हा आतला संदेशवाहक रेणू वाढतो, त्याने प्रोटीन कायनेज ए हे विकर जागं होतं. टी पेशीत सायक्लिक एएमपीचा लगाम कसा लागतो हे बरंच आधीपासून माहीत आहे. कायनेज ए सीएसके नावाच्या विकराला जोर देतं. सीएसके एलसीकेला दाबतं. आणि टी पेशीच्या रिसेप्टरने ‘शत्रू दिसला’ म्हटल्यावर पहिली ठिणगी पाडतो तो एलसीकेच. ठिणगीच मंद पडली तर पुढचा वणवा कसा पेटणार?

जाणकाराला इथे लगेच आठवेल की गाठीत सायक्लिक एएमपी वाढवणारे आणखी दोन जुने गुन्हेगार आहेत. मरणाऱ्या पेशींच्या एटीपीपासून बनणारं अॅडेनोसिन, आणि प्रोस्टाग्लँडिन ई२. दोघांचेही टी पेशीवरचे रिसेप्टर याच कडीत येऊन मिळतात. २०२३ साली सहानुभूती मज्जासंस्थेच्या नसांतून येणारं नॉरअॅड्रेनलिन बीटा-१ रिसेप्टरमार्फत टी पेशींना थकवतं असंही दाखवलं गेलं. नॉरअॅड्रेनलिन पेप्टाइड नव्हे, पण दार त्याच गल्लीत उघडतं.

मग ब्राझीलचा निकाल?

तो चुकीचा मानायला काही आधार नाही. उलट त्याच गटाने २०२१ साली आणखी एक काम प्रसिद्ध केलं. रसायनाने हवी तेव्हा चेतवता येईल असा कृत्रिम रिसेप्टर त्यांनी नसांत बसवला. नसा चेतवल्या तर मेलानोमा मंदावला, दाबल्या तर वाढला. मॉन्ट्रियलला निळ्या प्रकाशाने जे दिसलं त्याच्या नेमकं उलट. स्तनाच्या कर्करोगावरही एक जुनं काम आहे. कॅप्सायसिनच्या मोठ्या मात्रेने संवेदी नसा निकामी केलेल्या उंदरांत गाठी फुप्फुस आणि हृदयापर्यंत जास्त पसरल्या होत्या.

माझ्या मते फरक कुठे कुठे लपला असावा ते सांगतो. एक, ‘वेदनाग्राही चेतापेशी’ हा एकजिनसी गट नाही. ब्राझीलच्या गटाने एनएव्ही१.८ या सोडियम मार्गाच्या खुणेवरून पेशी निवडल्या, मॉन्ट्रियलने त्या काढताना टीआरपीव्ही१च्या वंशावरून. दोन वर्तुळं बरीच एकमेकांवर येतात, पण पूर्ण नाही. टीआरपीव्ही१ तर गर्भावस्थेत थोड्या काळापुरता पुष्कळ संवेदी पेशींत उमटून जातो, त्यामुळे त्या वंशावर कुऱ्हाड चालवली की पुढे टीआरपीव्ही१ न बाळगणाऱ्या पेशीही जातात. काही लहान धमन्यांच्या स्नायुपेशींतही तो असतो. दोन, जन्मापासून नसा नसलेला उंदीर म्हणजे साधा उंदीर उणे नसा असं गणित नाही. त्याची त्वचा, तिच्यातल्या रक्तवाहिन्या, तिथे राहणाऱ्या प्रतिकारपेशी हे सगळं नसांशिवाय घडलेलं असतं. तीन, नस एकच रेणू सोडत नाही. सब्स्टन्स पी आणि सीजीआरपी बहुधा एकाच टोकातून निघतात, आणि दोघांचं म्हणणं एक असेलच असं नाही. कधी, किती वेळ, किती जोरात चेतवलं यावर त्यांचं मिश्रण बदलत असेल तर प्रकाशाची नस आणि रसायनाची नस वेगळी बोलणारच.

ब्राझीलच्या गाठीत जास्त रक्तवाहिन्या आढळल्या होत्या हे विसरू नये. ‘नस काढली’ या एका कृतीत टी पेशीचा लगाम सुटणं आणि गाठीचा रक्तपुरवठा वाढणं ही दोन्ही होऊ शकतात, आणि गाठीचा अंतिम आकार म्हणजे या ओढाताणीचा हिशेब. प्रयोगाच्या मांडणीनुसार हिशेब इकडे किंवा तिकडे झुकेल. पण मिश्र रोपणात गाठ एकच असल्याने हा हिशेबच मधून निघून जातो. म्हणून दोन्ही गटांचे आकाराचे निकाल खरे मानूनही टी पेशीबद्दलचं विधान उभं राहतं.

हा लगाम गाठीने शोधलेला नाही

नसेने प्रतिकारपेशीला आवरावं, ही व्यवस्था मुळात शरीराची. २०१३ साली दिसलं की स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू वेदनाग्राही नसांना थेट चेतवतो आणि त्या बदल्यात नसा प्रतिकारपेशींची धावपळ कमी करतात. २०१८ साली मांस कुजवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनेसच्या संसर्गात त्याहून स्पष्ट चित्र मिळालं. जिवाणूचं स्ट्रेप्टोलायसिन एस हे विष नसेला भडकवतं, नस सीजीआरपी सोडते, आणि न्यूट्रोफिल या प्रतिकारपेशी जिवाणू मारण्यात कमी पडतात. या रोगात वरून फारसं काही दिसत नसताना रुग्ण वेदनेने तळमळतो, हे डॉक्टरांना फार आधीपासून ठाऊक होतं. त्या वेदनेचा प्रतिकाराशी संबंध असेल हे ध्यानात यायला वेळ लागला. त्या उंदरांना वाचवणाऱ्या उपायांत एक होता बीआयबीएन४०९६, म्हणजे मेलानोमात वापरलेला तोच रेणू.

असा लगाम शरीराने ठेवलाच का? जखम झाली, पेशी धावल्या, तर कुठेतरी थांबायला हवं. नाहीतर जळजळच ऊती खाऊन टाकेल. सतत बाहेरच्या जगाला टेकलेल्या त्वचेसारख्या जागी अशी मर्यादा शहाणपणाची. मेलानोमा या व्यवस्थेच्या आत राहतो आणि एसएलपीआयसारख्या संदेशाने ती स्वतःच्या बाजूला चालू ठेवतो. चोराने घराचं कुलूप बदलायची गरज नसते, मालकाचीच किल्ली मिळाली तर.

माणसातला पुरावा आणि घाईचा प्रश्न

मेलानोमाच्या रुग्णांच्या गाठीतून काढलेल्या तुकड्यांतल्या एकेका पेशीचा आरएनए वाचला गेला. ज्या सीडी८ पेशींत रॅम्प१ होता त्या रॅम्प१ नसलेल्यांपेक्षा जास्त थकलेल्या निघाल्या, आणि रॅम्प१ची पातळी जास्त असलेल्या रुग्णांच्या रोगाचं भवितव्य अधिक वाईट होतं. उंदरातल्या कथेशी हे जुळतं. पण हा सहसंबंध आहे. थकलेली पेशीच रॅम्प१ जास्त दाखवू लागते, अशी उलटी वाटही तेवढ्या माहितीत बसते. उंदरातला मिश्र रोपणाचा प्रयोग हाती नसता तर या मानवी आकड्यांवरून मी काहीच म्हटलं नसतं.

आता तो प्रश्न जो हे वाचणारा प्रत्येक जण विचारतो. सीजीआरपी रोखणारी औषधं तर बाजारात आहेत! अर्धशिशीसाठी. रिसेप्टरवर बसणारं एरेन्युमॅब २०१८ साली अमेरिकेत मंजूर झालं, गोळ्यांच्या रूपातलं उब्रोगेपँट २०१९च्या डिसेंबरात, पाठोपाठ रिमेगेपँट. ओल्सेगेपँट हा या सगळ्या ‘गेपँट’ कुळाचा थोरला. अर्धशिशीत त्याचा उपयोग २००४ साली दिसला होता, पण ते शिरेतूनच द्यावं लागत असल्याने बाजारापर्यंत पोहोचलं नाही. मग अर्धशिशीची गोळी मेलानोमाच्या रुग्णाला का देऊ नये?

कारण अर्धशिशीत जी मात्रा मेंदूच्या आवरणाजवळच्या नसांना पुरते ती गाठीच्या पोटात पुरेल असं गृहीत धरता येत नाही. तिथे नसेचं टोक आणि टी पेशी अगदी जवळ असतात आणि सीजीआरपीची स्थानिक दाटी रक्तातल्या पातळीशी ताडून पाहता येत नाही. उंदराचा रिसेप्टर आणि माणसाचा रिसेप्टर या रेणूंना सारखा प्रतिसाद देत नाहीत; गेपँटांची पकड जातीनुसार बरीच बदलते. त्यातच कोणत्या रुग्णाच्या गाठीत नसा आहेत आणि टी पेशींवर रॅम्प१ आहे हे पाहिल्याशिवाय दिलेलं औषध अंधारात दगड मारण्यासारखं. कोणी आपल्या मनाने अर्धशिशीचं औषध कर्करोगासाठी घेऊ नये, हे वेगळं सांगायला नको होतं, तरी सांगतो.

शेजारची प्रकरणं

सीजीआरपीच्या जागी दुसरा पेप्टाइड ठेवला की गोष्ट बदलते, म्हणून घाईघाईने सरसकट नियम करू नये. स्वादुपिंडाच्या कर्करोगात व्हीआयपी हा २८ अमिनो आम्लांचा पेप्टाइड पुढे येतो. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या गटाने २०२२ मध्ये उंदरांत दाखवलं की व्हीआयपीचा रिसेप्टर अडवला तर पीडी-१ विरुद्धच्या उपचाराला ही हट्टी गाठ जास्त दाद देते. इथे पेप्टाइड टी पेशीचा लगाम आहे, पण सोडणारे हात नसेचे कमी, गाठीचे जास्त. सब्स्टन्स पी स्तनाच्या कर्करोगात वेगळ्याच वाटेने जातो. रॉकफेलर विद्यापीठाच्या २०२४च्या कामात तो थेट गाठीच्या पेशींवर काम करतो: काही मरतात, त्यांच्यातून सुटलेला आरएनए शेजारच्या गाठपेशींच्या टीएलआर७ या रिसेप्टरला चेतवतो, आणि रोग पसरतो. तिथे टी पेशी मुख्य पात्र नाहीच. आणि थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगात, जिथून ही सगळी सीजीआरपीची कथा सुरू झाली, गाठ स्वतःच हा पेप्टाइड बनवते. तिथे नस काढून काय साधणार?

मेलानोमाच्या प्रकरणाकडे परत येतो, कारण त्यातला एक तपशील मला सोडत नाही. रॅम्प१ नसलेल्या टी पेशी त्या गाठीत थकव्यापासून वाचल्या, पण त्याच गाठीत अॅडेनोसिन होतं, प्रोस्टाग्लँडिन होतं, गाठीच्या पेशींवरचा, पीडी-१चा लगाम ओढणारा पीडी-एल१ होता. सीजीआरपीचं एक दार बंद केल्यावर सायक्लिक एएमपीकडे जाणारी बाकीची दारं तशीच उघडी राहिली, तरी फरक दिसला. उद्या कोणी रुग्णांवर चाचणी मांडली तर गाठीचा आकार मोजण्याआधी मला एकच गोष्ट पाहायला आवडेल. औषध सुरू करण्यापूर्वी आणि दोन-तीन आठवड्यांनी काढलेल्या तुकड्यांत रॅम्प१ असलेल्या आणि नसलेल्या सीडी८ पेशी वेगवेगळ्या मोजायच्या. औषध खरोखर टी पेशीच्या कानापर्यंत पोहोचलं असेल तर या दोघींतलं अंतर कमी झालेलं दिसेल. गाठ आक्रसली पण हे अंतर तसंच राहिलं, तर औषध चाललं असेल, मात्र या कथेत सांगितलेल्या वाटेने नाही.